तांबड्या देठाची भुईआवळी

३ सप्टेंबर, बुधवार

काय घडलं ते आधी क्रमाने लिहून ठेवते. मत नंतर.

१. गेल्या वर्षी ९ नोव्हेंबरला मी या गावातल्या जनकाबाईंच्या परसातून भुईआवळीची पाच झाडं मुळासकट नेली. प्रयोगशाळेने ती अस्सल ठरवली.
२. २३ नोव्हेंबरला मी जनकाबाईंकडे लागवडीसाठी बी मागितलं. कशासाठी पाहिजे, असं त्यांनी विचारलं. विकायसाठी, असं मी सांगितलं. त्यांनी महिनाभराची मुदत मागितली.
३. २१ डिसेंबरला सव्वा किलो बी मिळालं. पोचपावतीवर त्यांचा अंगठा आणि माझी सही आहे.
४. मेअखेर वाफ्यांत रोपं टाकली, जूनअखेर लावण झाली. महिला गटातल्या नऊ बायका, प्रत्येकी अर्धा एकर. मी त्या काळात खामगावच्या गोदामात होते. शेतांवर कंपनीचा गजेंद्र जात होता.
५. २० ऑगस्टला पहिल्या चार बायकांचा माल वाळवून गोदामात आला.
६. काल त्याचा अहवाल आला. ज्या घटकासाठी आम्ही भुईआवळी घेतो तो घटक मालात नाही. झाड त्याच कुळातलं, पण दुसरं.
७. आज मला इथे पाठवलं आहे. पंधरा तारखेपर्यंत कारण शोधून अहवाल द्यायचा आहे.

ही वही कार्यालयाची नाही. तिथल्या नोंदवहीत फक्त निष्कर्ष लागतात.

मी बी. फार्म. केलं, नंतर वनौषधी ओळखण्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. कंपनी काविळीच्या औषधासाठी कच्चा माल घेते. तो अस्सल आहे की नाही हे बघणं माझं काम. प्रज्वल सर खरेदी बघतात. निघताना ते म्हणाले की ‘बियाण्यात गडबड’ एवढ्याने भागणार नाही, अहवालात माणसाचं नाव लागतं. नाव सापडलं नाही तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, सापडेल.

गटाच्या अध्यक्ष पुष्पांजलीताईंनी त्यांच्या घराची पुढची खोली मला दिली आहे. खिडकीतून जनकाबाईंचं परस दिसतं. ही सोय चांगली आहे.

बसमध्ये दोनदा मळमळलं. चिखलीनंतरचा रस्ता खराब आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

उरलेल्या पाच शेतांवर गेले. माल अजून उभा आहे.

देठ तांबडा. फळ खरबरीत आणि देठाला चिकटलेलं. अस्सल भुईआवळीचा देठ हिरवा असतो, फळ गुळगुळीत आणि बारीक दांडीवर लोंबतं. दोन्हींची पानं आवळीसारखी, दोन्हींना पानांमागे रांगेने फळं. दहा पावलांवरून फरक दिसत नाही. हातात घेतलं तर शाळेतल्या मुलालाही दाखवता येईल. जुलैमध्ये मी ते हातात घेतलं नव्हतं, कारण मी इथे नव्हते.

पाचही शेतांत एकही हिरवं झाड सापडलं नाही. प्रत्येक शेतात दहा ठिकाणी बघितलं. मिसळ असती तर थोडी हिरवी दिसली असती. म्हणजे ही मिसळ नाही, अदलाबदल आहे. आणि अदलाबदल आपोआप होत नाही.

ती तीन ठिकाणी होऊ शकते. गोदामात बी माझ्या कपाटात, माझ्या कुलपात होतं. ती शक्यता बाद. वाफ्यांवर गजेंद्र होता. बी देणाऱ्या जनकाबाई होत्या.

आज जेवण गेलं नाही. पुष्पांजलीताईंनी ताट आणलं होतं. मी बाहेरचं घेत नाही असं सांगितलं. पाणीही खामगावच्या गोदामातल्या कूलरवरून भरून आणलं आहे, वीस लिटरचा कॅन. अनोळखी गावात आजारी पडून चालणार नाही.

७ सप्टेंबर, रविवार

रविवारी जनकाबाईंकडे काविळीचं औषध घ्यायला लोक येतात. आज सकाळी साडेसहा ते आठ या वेळात आठ जण आले. दोघे दुसरबीडहून, एक बाई जालन्याकडची. मी ओट्याच्या कोपऱ्यावर उभी राहून नोंद घेतली.

पद्धत अशी. माणूस उपाशीपोटी येतो. जनकाबाई त्याचे डोळे बघतात, नखं बघतात, जेवण-झोप विचारतात. मग परसात एकट्या जातात, झाड मुळासकट आणतात, पाट्यावर वाटतात, ताकात कालवून देतात. मोबदला नाही. एकाने नारळ आणला होता, तो परत दिला. एक जण घरी चहाला चला म्हणाला, तर ‘बरा झाल्यावरही नको’ असं म्हणाल्या. मी लिहिलं, ‘मोबदला: नाही (माझ्यासमोर).’

एका माणसाचं पोट फुगलेलं होतं आणि तो असंबद्ध बोलत होता. त्याला त्यांनी औषध दिलं नाही. बीबी गावच्या दवाखान्यात नाही, थेट मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ता न्या, असं त्याच्या भावाला बजावलं. हे बरोबर होतं. नोंद केली.

परसाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण आहे. झाड उपटताना मी जवळ गेले तर त्यांनी हाताने थांबवलं.

“तिकडंच ऱ्हाय, माय. सावली पडते.”

कोणाची सावली कशावर पडते, हे सांगितलं नाही. दाखवण्यात अडचण नसेल तर माणूस कुंपण घालत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

गजेंद्रला बोलावलं. तो सिंदखेडराजा तालुक्यातलाच, कंपनीत माझ्या आधीपासून आहे. म्हणाला की त्याने बी जसं मिळालं तसं टाकलं, पुडक्यावरचं माझं लाखेचं सील त्यानेच नऊ बायकांसमोर फोडलं. पुष्पांजलीताईंनीही तेच सांगितलं. सीलचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये आहे, तारखेसह. झाडं तांबडी का वाटली नाहीत, असं विचारलं. त्याचं म्हणणं, त्याला आयुष्यात दुसरी भुईआवळी माहीत नाही. सोयाबीनमधलं तण म्हणून तो हीच उपटत आला.

गजेंद्र बाद. पूर्ण नाही.

जाताना त्याने माझ्याकडे बघून गंमत केली. “मॅडम, लगन-बिगन ठरलं काय? हळदीले बसल्यासारख्या दिसून राह्यल्या तुम्ही.” पुष्पांजलीताई हसल्या, मग एकदम थांबल्या. मी कामाचं बोला म्हणाले. हा माणूस प्रश्न टाळायला विनोद करतो, हे लक्षात ठेवायचं.

लघवी गडद. पाणी कमी पडतं आहे. कॅन संपत आला म्हणून जपून पिते.

१० सप्टेंबर, बुधवार

आज जनकाबाईंचा जबाब घ्यायला गेले. तो घेताच आला नाही.

त्या धान्य पाखडत होत्या. वय सत्तरच्या पुढे, बांधा काटक, बोलणं कमी. मी बसले, वही उघडली. पहिला प्रश्न विचारायच्या आत त्यांनी माझा हात धरला, नखं उजेडाकडे वळवली, मग हनुवटी वर करून डोळ्यांत बघितलं. मी हात काढून घेतला.

“जेवन जाते का?”

मी म्हणाले, प्रश्न मी विचारणार आहे.

“तोंड कडू पडत असन,” त्या म्हणाल्या आणि सुपाकडे वळल्या.

बी कुठून गोळा केलं, असं विचारलं. धुऱ्यांवरून, म्हणजे शेतांच्या बांधांवरून. कोणी गोळा केलं? बायांनी. तुम्ही त्यांना झाड दाखवलं होतं? हाव. मग कोणतं दाखवलं? यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या की आज जा, निजून राहा, हे सगळं आठवडाभराने विचार.

आठवडाभराने म्हणजे माझी मुदत संपल्यावर. त्यांना मुदत कोणी सांगितली, हे शोधायला हवं.

११ सप्टेंबर, गुरुवार

पुष्पांजलीताईंकडून एक गोष्ट कळली. त्यांनी ती सहज सांगितल्यासारखी सांगितली, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. काल संध्याकाळी जनकाबाई त्यांच्याकडे आल्या होत्या. माझं पूर्ण नाव विचारलं. माझ्या आईचंही नाव विचारलं.

ताईंना माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं. आज त्यांनी मला विचारलं. कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाल्या, सहज.

तक्रार अर्जात अर्जदार समोरच्याचं पूर्ण नाव लिहितो, आईचं नाही. दुसरं एक कारण असू शकतं, करणीचं, त्यावर माझा विश्वास नाही. तरी आईचं नाव सांगितलं नाही. मग वाटलं, न सांगणं म्हणजे विश्वास असल्यासारखंच आहे. म्हणून सांगितलं. सुलोचना.

१३ सप्टेंबर, शनिवार

संध्याकाळी सव्वासहा. खिडकीतून बघितलेलं जसंच्या तसं:

जनकाबाई आंघोळ करून, ओल्या केसांनी परसात आल्या. हातात वाटी. त्यांनी चार-पाच झाडं निवडली, खाली बसल्या, प्रत्येकापुढे तांदूळ आणि हळद ठेवली. हात जोडून काहीतरी म्हणाल्या. ओठ हलताना दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. एकदा मान वळवून माझ्या खिडकीकडे बघितलं. मी मागे झाले.

मोबाइलवर तीन फोटो काढले. झाडं हिरव्या देठाची आहेत. मोठं करून बघितलं तर फळांच्या दांड्याही दिसतात.

म्हणजे अस्सल झाडं कोणती हे त्यांना कळतं. ती कुठे आहेत हे माहीत आहे, त्या त्यांच्यावर खुणा करून ठेवतात आणि कोणालाही आत येऊ देत नाहीत.

अंग मोडल्यासारखं वाटतं. डोळे चुरचुरतात, वाळलेल्या मालाच्या धुळीने असेल.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खिडकीच्या कट्ट्यावर पितळी पेला होता. वर केळीचं पान झाकलेलं. आत ताक, त्यात हिरवट वाटण. कोणी ठेवलं, दिसलं नाही. आवाजाने जाग आली तेव्हा परसातलं फाटक हलत होतं.

जिची चौकशी चालू आहे तिने चौकशी करणाऱ्याला न मागता, न बोलता काहीतरी प्यायला ठेवलं आहे. ते मैत्रीसाठी असेल तर अयोग्य आहे. दुसऱ्या कशासाठी असेल तर जास्तच अयोग्य.

शंभर मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत भरलं, झाकण लाखेने बंद केलं, चिठ्ठी लावली: तारीख, वेळ, जागा, सही. पेला धुऊन कट्ट्यावर परत ठेवला. दुपारी तो तिथे नव्हता.

१५ सप्टेंबर, सोमवार

बाटलीत घालण्याआधी पेल्याच्या तळातलं थोडं वाटण काचपट्टीवर घेऊन ठेवलं होतं. आज भिंगाखाली बघितलं. वाटणात न चेचलेली दोन फळं आहेत. गुळगुळीत, दांडीसकट. एक फळ फोडून आतलं बी बघितलं: उभ्या रेषा. तांबड्या भुईआवळीच्या बियांवर रेषा आडव्या असतात.

अस्सल.

आता चित्र पूर्ण आहे. जनकाबाईंकडे अस्सल झाड आहे, त्यांना फरक कळतो, बी गोळा करताना त्यांनीच बायांना दुसरं झाड दाखवलं. म्हणजे चूक नव्हे, हेतू. हेतू काय, एवढंच राहिलं. माझा अंदाज: त्यांच्या परसातलं झाड सगळ्यांच्या शेतात आलं तर रविवारी त्यांच्याकडे कोणी येणार नाही. तीस वर्षांचा मान जाईल.

अहवाल चार मुद्द्यांचा केला. मुद्दा ४: ‘बियाणे पुरवठादार जनकाबाई यांनी अस्सल वनस्पती ओळखत असूनही जाणीवपूर्वक दुसऱ्या वनस्पतीचे बियाणे दिले.’ फोटो आणि नोंदी जोडून अकरा पानं झाली. दुपारी अडीचला पाठवला. प्रज्वल सरांचा सहा मिनिटांत फोन आला. चांगलं काम झालं म्हणाले. सहा मिनिटांत अकरा पानं वाचून होत नाहीत.

पाठवल्यावर बरं वाटायला हवं होतं. उलटी झाली.

१७ सप्टेंबर, बुधवार

गटाची सभा झाली, मारुतीच्या पारावर. पंधरा-वीस बाया, कडेला पुरुष. प्रज्वल सर आले नाहीत, पत्र पाठवलं. ते पुष्पांजलीताईंनी वाचायचं होतं. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि कागद गजेंद्रकडे दिला.

पत्रात माझा मुद्दा ४ शब्दशः होता. त्याखाली: जनकाबाई यांचे नाव गटातून कमी करावे, अन्यथा पुढील वर्षीचा करार होणार नाही.

बाया एकमेकींकडे बघत होत्या. ज्यांचा माल परत आला त्यातली रुखमाबाई म्हणाली की आम्ही महिनाभर बांधाबांधाने फिरलो, त्या बोट दाखवतील ते वेचलं. कडेला उभा असलेला एक माणूस मोठ्याने म्हणाला, “कंपनीले नकली देलं, तं आपल्याले रविवारी काय पाजून राह्यली म्हतारी?” दोघे-तिघे हसले. ती गोष्ट माझ्या अहवालात नव्हती. तसा अर्थही त्यातून निघत नाही. पण तो काढला गेला.

पुष्पांजलीताई जवळजवळ विनवणीच्या आवाजात म्हणाल्या, “जनकाबाई, बोला नं काही.”

जनकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. दुकानात वजनकाट्याकडे बघावं तसं बघितलं, काटा कुठे थांबतो ते.

“बी माह्या हातचंच हाय,” त्या म्हणाल्या. “मी नाई म्हनत नाई.”

एवढंच. पदर सावरून उठल्या आणि गेल्या. ज्याच्याकडे उत्तर असतं तो देतो. मी तसं वहीत लिहिलं आणि मग ते वाक्य दोनदा वाचलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. खामगाव

कागद जमा करायला आले. गोदामाच्या पायऱ्यांवर चक्कर आली. पहारेकरी रजेवर होता, त्याच्या जागी नवा माणूस. त्यानेच रिक्षा केली.

डॉक्टरांनी पापणी खाली ओढली आणि एका सेकंदात सांगितलं. कावीळ. बिलिरुबिन ७.८. दूषित पाण्यातून होणारी, साधी. विशेष औषध नाही. विश्रांती, हलकं खाणं, दोन आठवड्यांत उतरेल. किती दिवस लघवी गडद आहे, असं विचारलं. दहा, असं मी सांगितलं. तुमचं शिक्षण काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

पाणी कुठलं पिता, असं विचारलं. त्या गोदामाच्या कूलरचं पिणारे दोघे जण याच आठवड्यात त्यांच्याकडे येऊन गेले आहेत. एक पहारेकरी.

दवाखान्याच्या आरशात बघितलं. बुबुळांभोवती हळदीसारखा रंग. गजेंद्र नऊ तारखेला म्हणाला होता.

जनकाबाईंनी दहा तारखेला नखं बघितली.

हे आत्ता इथेच थांबवते. निष्कर्ष काढण्याच्या स्थितीत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सामान गावात होतं, आई भावाकडे नागपूरला आहे. परत आले. पुष्पांजलीताईंनी काही न विचारता पेज आणून ठेवली. खाल्ली.

सकाळी साडेसहा ते आठ खिडकीत बसले. कोणी आलं नाही. जनकाबाई ओट्यावर पाटा धुऊन बसल्या होत्या. आठ वाजता त्यांनी तो उभा करून ठेवला.

२४ सप्टेंबर, बुधवार

ताईंना विचारलं, माझं नाव कशासाठी हवं होतं.

त्यांनी सांगितलं. औषधाचं झाड उपटायचं तर आदल्या संध्याकाळी त्याला आवतन द्यावं लागतं, जेवायला बोलावतात तसं. तांदूळ-हळद ठेवून, आजारी माणसाचं नाव आणि त्याच्या आईचं नाव घेऊन सांगायचं, उद्या याच्यासाठी न्यायला येते. रविवारी येणारे लोक आधी नाव कळवतात. “तुम्ही तं सांगनार नव्हत्या, ताई. म्हनून मले इचारलं त्याईनं.”

तेरा तारखेच्या माझ्या तीन फोटोंत काय आहे, ते मला आता माहीत आहे. अहवालात ते ‘पुरावा अ, ब, क’ आहेत.

जनकाबाईंकडे गेले. अंतर साठ पावलं. मध्ये दोनदा थांबले. त्या ओट्यावर होत्या. बस म्हणाल्या. मी वही नेली नव्हती, खोलीवर आल्यावर लगेच लिहिते आहे, म्हणून शब्द बहुतेक तेच आहेत.

मी विचारलं, “आजी, खरी झाडं तुमच्या परसात होती. बी तांबडीचं का दिलं?”

“तुलेच इचारलं होतं नं मी, कायले पाह्यजे म्हनून.”

“विकायसाठी, असं मी म्हणाले.”

“मंग? विकाचं मांगतलं, विकाचं देलं.” त्यांनी ते अगदी साधं सांगितलं. “औषध कोनी विकते का, बाई? सासूनं हे औषध देऊन माह्या हातावर पानी सोडलं तवाच सांगतलं, विकलं का गुन गेला. बाया तं हिरवीवरच हात टाकत होत्या. मीच म्हनलं, ते नोका घेऊ, पाप लागते. तांबडी घ्या, विकाले तेच बरी.”

म्हणजे महिनाभर नऊ बायांनी काळजीपूर्वक, एकेक झाड बघून, हिरवी बाजूला ठेवून तांबडी वेचली होती. म्हणूनच शेतात एकही हिरवं नव्हतं. इतकं शुद्ध बियाणं मला कुठल्या सरकारी केंद्रातून मिळालं नसतं.

मी सांगितलं की कंपनी त्याचं औषधच करते.

“विकून?”

“विकून.”

त्यांनी थोडा विचार केला. “मंग त्याले औषध काऊन म्हनतात?”

हा प्रश्न मी जसाच्या तसा लिहिते आहे.

मग सभेचं विचारलं. बोलल्या का नाहीत. मी विकायसाठी मागितलं होतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं.

“तुह्या नावाचं आवतन देलेलं होतं,” त्या म्हणाल्या. “ज्याच्या नावाचं देलं, तो बरा होयेपर्यंत त्याच्या नावानं वाईट बोलू नाई. चार लोकायत तुही चूक काढली असती, तं औषध लागलं असतं का तुले?” मग जरा पुढे वाकून विचारलं, “घेतलं होतं नं ते ताक?”

खोटं बोलणं सोपं होतं. मी सांगितलं की बाटलीत भरून सील केलं.

जनकाबाई हसायला लागल्या. बराच वेळ, आवाज न करता, खांदे हलत होते. “घ्या माय. मंग बाटली झाली असन बरी.”

२५ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर पडून. एकच गोष्ट डोक्यात.

नमुना मी नोव्हेंबरात तपासला. बी डिसेंबरात घेतलं. दोन्ही एकाच झाडाचं आहे असं धरून चालले. बी भिंगाखाली बघायला पाच मिनिटं लागतात. पंधरा तारखेला मी तेच केलं, पण तेव्हा ते दुसऱ्यावर आरोप ठेवण्यासाठी होतं. ३ तारखेच्या नोंदीत मुद्दा २ मीच लिहिला आहे. शक्यता मोजताना माझं कपाट मी कुलूप बघून बाद केलं. कुलपाच्या आत काय आहे ते बघितलं नव्हतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

बीबीला जाऊन तपासणीसाठी रक्त दिलं. बिलिरुबिन ४.१. वनौषधी न घेता उतरतं आहे, डॉक्टर म्हणाले होते तसंच. घेतलं असतं तरी एवढंच उतरलं असतं का, हे सांगता येत नाही. बाटलीतल्या नमुन्यावरून तर नाहीच.

प्रज्वल सरांना फोन केला. विषय बंद झाला आहे म्हणाले. खुलासा केला तर जबाबदारी कंपनीवर येते, म्हणजे तुमच्यावर, हे लक्षात घ्या, असंही म्हणाले. आवाज काळजीचा होता. ती कोणाची होती, ते ठरवता आलं नाही. कूलरचं पाणी तपासायला दिलं का, असं मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

२८ सप्टेंबर, रविवार

आज एक जण आला. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, सोबत वडील. फाटकापाशी कोणीतरी त्यांना थांबवून काही सांगितलं. ते परत गेले. मुलीचे डोळे मला खिडकीतून दिसत नव्हते. ती दवाखान्यात गेली असेल तर चांगलंच. गेली नसेल तर तिचे डोळे आणि नखं आज कोणीच बघितली नाहीत.

खालचं पत्र उद्या सकाळी बीबीच्या टपाल कार्यालयातून पोचपावतीसह पाठवायचं आहे. नक्कल इथे ठेवते.

प्रति, प्रज्वल सर, खरेदी विभाग.

माझ्या १५ सप्टेंबरच्या अहवालातला मुद्दा ४ मी मागे घेत आहे. पुरावा अ, ब, क यांचा या विषयाशी संबंध नाही.

जनकाबाई यांनी बियाणे देण्याआधी वापर विचारला होता. मी ‘विकायसाठी’ एवढेच सांगितले, औषधासाठी हे सांगितले नाही. त्या औषधी झाड विक्रीला देत नाहीत. त्यामुळे मी जे मागितले ते त्यांनी दिले, आणि अत्यंत काटेकोरपणे निवडून दिले. आलेले बियाणे नमुन्याशी ताडून बघणे माझे काम होते. मी ते केले नाही. माल नाकारला जाण्याचे कारण हे आहे, आणि अहवालात माणसाचे नाव लागत असेल तर ते माझे लिहावे.

सभेत त्या गप्प राहिल्या त्याचे कारण खाजगी आहे. त्याचा अर्थ कबुली असा घेऊ नये.

माझी विनंती अशी: त्यांचे नाव गटात पूर्ववत घ्यावे. तसे पत्र मारुतीच्या पारावरच, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचले जावे, मी वाचेन. त्यांच्याकडे पुन्हा बियाणे मागू नये. माझ्याबद्दल जो निर्णय घ्यायचा तो स्वतंत्रपणे घ्यावा, त्यासाठी हे अडवून ठेवू नये.

रविवारी सकाळी लोक औषधासाठी येतात. त्याआधी, म्हणजे शनिवार, ४ ऑक्टोबरपर्यंत, कृपया लेखी उत्तर द्यावे.

अर्पिता